गाडी निवडताना ग्राहकांच्या रेटिंगवर किती भरवसा ठेवावा? (घोडबंदर रोड ते ऐरोली, पेट्रोल ऑटोमॅटिक)

कासारवडवली_पूर्व

नमस्कार मंडळी. ऑन-रोड १३ लाखांच्या आत पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी घ्यायची आहे. वापर असा: घोडबंदर रोडवरून ऐरोली, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. महिन्यातून एकदा नाशिक, तेव्हा गाडीत चौघे असतात आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत. गाडी सहा-सात वर्षं ठेवायची.

यादी दोन गाड्यांवर आली आहे. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा कंपन्यांवर घसरेल.

गाडी अ: बाजारात येऊन सात महिने झाले. टर्बो पेट्रोल, सुक्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, भारत एनकॅप या क्रॅश टेस्टचे पाच तारे. मोठ्या संकेतस्थळावर रेटिंग ४.८, पण देणारे १२ जण.

गाडी ब: २०१९ पासूनचं मॉडेल. साधं पेट्रोल इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स. रेटिंग ४.३, देणारे ९००. क्रॅश टेस्ट ग्लोबल एनकॅपची, २०१९ मधली, तीन तारे. या कंपनीचा अमेरिकेतल्या विश्वासार्हतेच्या सर्वेक्षणांत वरचा नंबर असतो असं वाचलं.

यातलं कोणतं रेटिंग किती धरायचं? सगळीच परस्परविरोधी वाटतात.

खाडीपूल

ताई, ती परस्परविरोधी वाटतात कारण प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. मी फक्त ग्राहकांच्या ताऱ्यांबद्दल लिहितो. क्रॅश टेस्ट आणि गिअरबॉक्सवर इथे जास्त जाणते लोक आहेत.

आधी ४.८ आणि ४.३ ही तुलना नीट करून घेऊ. बारा जणांची सरासरी फार डळमळीत असते. उद्या आणखी दोघांनी एकेक तारा दिला की ४.८ चे सरळ ४.२६ होतात. तेच दोन एकतारे ९०० जणांच्या गाडीला मिळाले तर ४.३० चे ४.२९ होतात, एवढंच.

वहीत करता येईल असा उपाय सांगतो. त्या संकेतस्थळावर याच किमतीच्या दहा-बारा गाड्यांची सरासरी काढा. समजा ४.१ आली. आता दोन्ही गाड्यांना प्रत्येकी २० काल्पनिक ग्राहक ४.१ देणारे जोडा. अ: १२ गुणिले ४.८ अधिक २० गुणिले ४.१, भागिले ३२, उत्तर ४.३६. ब: ९०० गुणिले ४.३ अधिक २० गुणिले ४.१, भागिले ९२०, उत्तर ४.३०. अर्ध्या ताऱ्याचा फरक सहा शतांशांवर आला, म्हणजे फरक नाहीच. २० हा आकडा माझ्या पसंतीचा. १० घेतले तर अ अठरा शतांशांनी पुढे राहते, ४० घेतले तर ब तीन शतांशांनी पुढे जाते, म्हणजे या फरकावर निर्णय घेता येत नाही.

दुसरी गोष्ट रेटिंग कोण लिहितं आणि कधी. एक गट गाडी हातात आल्यापासून पंधरा दिवसांत लिहिणाऱ्यांचा. हप्ता नुकताच सुरू झालेला, पेढे वाटून झालेले. तेव्हा कोणी आपल्याच निर्णयाला तीन तारे देत नाही. दुसरा गट चिडलेल्यांचा. गाडी दोन वर्षं निमूट चालवणारा मोठा वर्ग काहीच लिहीत नाही. सात महिन्यांच्या गाडीला तर पहिल्याच गटातले लोक मिळणार. गाडीतले दोष सारख्या वेगाने येत नाहीत: जोडणीतल्या चुका पहिल्या तीन-चार महिन्यांत दिसतात, मग शांतता असते आणि झिजेचे दोष ५०-६० हजार किमीनंतर डोकं वर काढतात. अ गाडीचा तो काळ अजून कुणी पाहिलेलाच नाही. तिच्या ४.८ मध्ये त्याची माहिती असूच शकत नाही.

म्हणून तारे बाजूला ठेवून मजकूर वाचा. कसा, ते सांगतो. ब गाडीचे निदान ४० अभिप्राय निवडा. १० हजार किमीच्या आत लिहिलेले गाळा. दोन, तीन आणि चार ताऱ्यांचे आधी घ्या, कारण या लोकांना गाडीचं काही आवडलं आहे आणि काही नाही, आणि दोन्ही ते सांगतात. वहीत रकाने आखा: किती किमी, कोणतं इंजिन आणि गिअरबॉक्स, कोणतं गाव, बिघडलेला भाग, खर्च, दुरुस्त झाला की पुन्हा आला. गिअरबॉक्सचा रकाना विसरू नका. एकाच नावाच्या गाडीत दोन इंजिनं आणि तीन गिअरबॉक्स असतात आणि संकेतस्थळं सगळ्यांचं रेटिंग एकत्र करतात. तुम्ही ऑटोमॅटिक घेणार, आणि ९०० पैकी बहुतेक मॅन्युअलवाले असले तर तो आकडा तुमच्या गाडीचा नाहीच.

वही भरल्यावर भागांचा रकाना मोजा. चाळीसात एकेकट्या वीस तक्रारी विखुरलेल्या असतील तर फार मनावर घेऊ नका. पण सहा वेगवेगळ्या गावांतले लोक "स्टिअरिंग वळवताना खालून कट-कट आवाज, २० हजारच्या आसपास" असं आपापल्या शब्दांत सांगत असतील तर तो त्या भागाचा दोष आहे. तेच वाक्य शब्दशः तीन ठिकाणी आलं असेल तर तो चिकटवलेला मजकूर समजून गाळा.

एकताऱ्यांत "डिलिव्हरी दोन महिने लांबली", "ॲक्सेसरीज गळ्यात मारल्या" असं असेल तर तो राग शोरूमवरचा आहे. ते गाडीच्या हिशेबात धरू नका.

ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. लिहिणारा खरा आहे याची पडताळणी, तारीख दाखवणं, संपादकाने मजकूर न बदलणं अशा अपेक्षा त्यात आहेत. पण ते ऐच्छिक आहे. त्यामुळे संकेतस्थळ अभिप्रायाची तारीख आणि गाडीचं नेमकं मॉडेल दाखवतं की नाही, एवढं तरी आपण तपासावं. जिथे तारीख नाही तिथला अभिप्राय २०१९ चाही असेल आणि मधल्या काळात गाडीचं इंजिन बीएस-४ चं बीएस-६ झालेलं असेल.

बॅरियर_६४

क्रॅश टेस्टबद्दल.

ग्राहकांचे तारे हे मत असतं. एनकॅपचे तारे हे मोजमाप आहे. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या अडथळ्यावर गाडी आदळतात आणि आतल्या पुतळ्यांच्या डोक्यावर, छातीवर, मांडीवर किती ताण आला ते यंत्र सांगतं. म्हणून त्या कक्षेत त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. चूक होते ती कक्षेबाहेर नेण्यात.

भारत एनकॅप २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू झालं. समोरून ६४ किमी वेगाने एका बाजूने धडक, बाजूने ५० किमी वेगाने धडक, आणि वरचे तारे हवे असतील तर २९ किमी वेगाने खांबावर बाजूने धडक. मोठ्या माणसांसाठी ३२ पैकी गुण, मुलांसाठी ४९ पैकी. पाच ताऱ्यांना मोठ्यांचे किमान २७ आणि मुलांचे किमान ४१ लागतात. म्हणजे २७.१ वालीही पाच आणि ३१.५ वालीही पाच. तारे मोजून थांबू नका, अहवाल उघडून गुण पाहा. त्यात ड्रायव्हरची छाती, गुडघे, पोटऱ्या वेगवेगळ्या रंगांत दाखवलेल्या असतात.

आता ब गाडी. २०१९ चे तीन तारे आणि आजचे तीन तारे एक नव्हेत. ग्लोबल एनकॅपची तेव्हाची पद्धत मुख्यतः समोरच्या धडकेवर होती, मोठ्यांसाठी १७ पैकी गुण. २०२२ च्या जुलैपासून त्यांनी नियम कडक केले: बाजूची धडक, खांब, ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) हे सगळं हिशेबात आलं. तेव्हा ब ची गाडी आज नव्याने आदळली तर किती तारे येतील हे त्या जुन्या आकड्यावरून कळत नाही. कंपनीने मधल्या काळात एअरबॅग वाढवल्या असतील तर वरही जाऊ शकतात, आणि बाजूच्या धडकेत कच्ची असेल तर खालीही. एक ओळ मात्र जुन्या अहवालातही सोन्यासारखी असते: सांगाड्याबद्दल "स्थिर" लिहिलं आहे की "अस्थिर". एअरबॅग नंतर वाढवता येतात. अस्थिर सांगाडा नवीन रचनेशिवाय सुधारत नाही.

अ च्या बाबतीत शोरूममध्ये हे विचारा: पाच तारे कोणत्या व्हेरिएंटना लागू आहेत? अहवालात यादी असते, आणि गाडीवर लावायच्या लेबलवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून बघा. सहा एअरबॅगच्या मॉडेलवरचे तारे दोन एअरबॅगच्या मॉडेलसाठी सांगितले जात असतील तर तिथेच थांबवा.

वजनाचाही विचार करा. स्थिर अडथळ्यावरची समोरची धडक ही साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या धडकेसारखी असते. एक टनाच्या हॅचबॅकचे पाच तारे आणि पावणेदोन टनांच्या एसयूव्हीचे पाच तारे समोरासमोर आले तर दोघांना सारखीच इजा होईल असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या दोन्ही गाड्या एकाच वर्गातल्या दिसतात, त्यामुळे इथे हा मुद्दा फार आडवा येत नाही.

आणि कळकळीने सांगतो: हे सगळे गुण पट्टा लावलेल्या पुतळ्यांचे आहेत. मागे बसलेल्या सासूबाईंनी पट्टा लावला नाही तर त्यांच्यापुरते ते पाच तारे शून्य आहेत. त्यांना पट्टा सहज लावता येतो का, बकल सीटमध्ये खोल रुतलेलं आहे का, हे गाडी बघायला जाल तेव्हा त्यांच्याच हातांनी करून बघा.

पारसिक_डोंगर

अमेरिकेतल्या क्रमांकांबद्दल थोडक्यात. तिथे दोन नावं नेहमी येतात. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था जाहिराती घेत नाही, चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते आणि विश्वासार्हतेचा अंदाज सभासदांच्या सर्वेक्षणावरून काढते. पद्धत उत्तम, पण त्यातल्या गाड्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या. तुमची ब गाडी तिथे विकलीच जात नसेल तर तो क्रमांक फक्त कंपनीच्या शिस्तीबद्दल काहीतरी सांगतो, या इंजिनाबद्दल, या कारखान्याबद्दल काही नाही.

जे. डी. पॉवरचा आकडा दर १०० गाड्यांमागे किती अडचणी असा असतो. एक अभ्यास पहिल्या ९० दिवसांचा, दुसरा तीन वर्षं जुन्या गाड्यांचा. त्यात फोन ब्लूटूथला न जुळणं ही एक अडचण आणि गिअरबॉक्स बसणं हीही एक अडचण. आकडा जास्त दिसला तर अडचणी कोणत्या प्रकारच्या आहेत ते बघितल्याशिवाय गाडी वाईट म्हणू नये.

जॉबकार्ड

गिअरबॉक्स, पेट्रोल आणि सर्व्हिस यावर लिहितो. ताईंच्या वापराला हेच जास्त लागू आहे.

तुमचा रस्ता म्हणजे कासारवडवली, कापूरबावडी, माजिवडा, तीन हात नाका, मग मुलुंड-ऐरोली पूल. सकाळ-संध्याकाळ गाडी पाच-दहाच्या वेगाने सरकत असते. सुक्या क्लचचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स अशा सरकण्यात सगळ्यात जास्त तापतो, आणि कारण सोपं आहे. गाडी रांगत असताना क्लच पूर्ण जोडलेला नसतो, घासत असतो. घासला की उष्णता. ती वाहून न्यायला तेल नसतं, फक्त हवा असते, आणि रांगणाऱ्या गाडीला हवाही मिळत नाही. मग आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवते, पुढे मीटरवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा येतो, आणि दुर्लक्ष केलं की क्लच पॅक लवकर संपतो. ओल्या क्लचचा प्रकार तेलात असल्याने बराच बरा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये रांगताना प्लेट घासत नाही, द्रवातून ताकद जाते, त्याची उष्णता ऑइल कूलर काढून घेतो. पिकअप थोडा सुस्त, पण तुमच्या रस्त्याला सोशिक.

आता हे रेटिंगशी कसं जुळतं ते बघा. अ गाडीला पाच तारे देणाऱ्या बारा जणांत महामार्गावर चालवणारे जास्त असतील तर त्यांना गिअरबॉक्स अप्रतिमच वाटणार, आणि ते खरं बोलत आहेत. ८० च्या वेगाला तो गिअरबॉक्स सुंदरच चालतो. म्हणून खाडीपूल यांनी सांगितलेल्या वहीत गावाचा रकाना आहे तो महत्त्वाचा. ठाणे, मुंबई, पुणे, बंगळुरू इथल्या लोकांचं वेगळं करा. डिझेलबाबतही हेच होतं: रोज लांब पल्ला चालवणारा पाच तारे देतो, आणि शहरात सहा-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, चोक होतो. काजळी जाळायला गाडी ६० च्या वर पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते आणि ते त्याला मिळतच नाही. जाळणं अर्धवट तुटलं की जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. गाडी तीच, दोन रेटिंग, दोन्ही खरी.

अ घेणारच असाल तर हे लेखी घ्या: एक्स्टेंडेड वॉरंटीत ड्युअल क्लचचा क्लच पॅक आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंप्युटर आणि त्याचे व्हॉल्व्ह) येतं की नाही. बहुतेक वॉरंट्यांत क्लच "झीज होणारा भाग" म्हणून वगळलेला असतो. सेल्सवाल्याच्या "होतं सगळं" यावर जाऊ नका, वगळलेल्या भागांची यादी मागा. कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सला किती वर्षं लेखी जपते, हे मला हजार अभिप्रायांपेक्षा जास्त खरं वाटतं.

चालवण्याची एक सवय: चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. गायमुखच्या चढावर पुढची गाडी इंचाइंचाने सरकत असेल तर तुम्ही दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. एएमटीलाही (मॅन्युअल गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने बदलणारी ऑटोमॅटिक) हेच लागू.

सर्व्हिस सेंटरच्या रेटिंगबद्दल. सर्व्हिसनंतर कंपनीचा फोन येतो, दहापैकी किती गुण द्याल? त्या पद्धतीत साधारणपणे ९ आणि १० समाधानी, ७-८ कोणाच्याच बाजूचे नाहीत, ६ आणि खाली नाराज. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझर आधीच सांगतात, "सर, दहाच द्या." त्याचा इन्सेन्टिव्ह त्यावर असतो. अशा ठिकाणचं ४.९ बघून वर्कशॉप निवडू नका. नकाशावर त्या वर्कशॉपचे अभिप्राय "सर्वात नवे" असे लावा आणि त्यात हे शब्द शोधा: एस्टिमेट, क्लेम, बॉडीशॉप, पार्ट उपलब्ध नाही, पुन्हा तोच आवाज. नियमित सर्व्हिस सगळे बरी करतात. खरी परीक्षा अपघाताच्या क्लेमला आणि दुसऱ्यांदा आलेल्या तक्रारीला होते.

गाडी ठरवण्याआधी त्याच वर्कशॉपच्या पार्ट्स काउंटरवर सात किमती विचारून लिहून घ्या: पुढचा बंपर, हेडलॅम्प असेंब्ली, बाहेरचा आरसा, पुढची काच, पुढचे ब्रेक पॅड, लोअर आर्म, एसी कंडेन्सर. आपल्याकडच्या गर्दीत आणि खड्ड्यांत हेच जातं. एलईडी हेडलॅम्प पूर्ण बदलावा लागतो, नुसता बल्ब नाही. काचेला एडासचा (चालकाला सावध करणाऱ्या, मदत करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन वेगळं. ते ठाण्यात होतं की गाडी दुसरीकडे पाठवतात, हेही विचारा. ब गाडी सहा वर्षं रस्त्यावर असल्याने तिचे पार्ट बाहेरही मिळतील. अ चे काही काळ फक्त कंपनीकडूनच.

कासारवडवली_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजपासून सुरू केली. ॲव्हरेजबद्दल विचारायचं राहिलं: कंपनीचा आकडा २०.१, ग्राहक लिहितात ११ पासून १९ पर्यंत. यातलं काय धरायचं? आणि आमच्या इमारतीत स्टॅक पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवणारं) आहे, त्याबद्दल कुठल्याच रेटिंगमध्ये काही सापडत नाही.

खाडीपूल

कंपनीचा आकडा रस्त्यावरचा नाहीच. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या भारतीय चक्राप्रमाणे मोजतात: एकूण ११८० सेकंद, कमाल वेग ९०, एसी बंद. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो उपयोगी, तुमच्या पंपाच्या बिलाला नाही.

ग्राहकांच्या आकड्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. बरेच जण मीटरवरचा आकडा लिहितात आणि तो बहुधा थोडा चढा असतो. शिवाय जुने अभिप्राय ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल सगळीकडे येण्याआधीचे आहेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे ई-१० वरून ई-२० वर आलं की लिटरमागची ऊर्जाच साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. २०२१ मध्ये कुणी प्रामाणिकपणे १५ लिहिलं असेल तर तोच माणूस आज साडेचौदा लिहील.

धरायचा आकडा तोच, जो लिहिणाऱ्याने टाकी फुल करून काढला आहे. पद्धत: पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा, वरून टिचकी मारून आणखी घालू नका, ट्रिप मीटर शून्य करा. ३००-४०० किमी चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत. ४१२ किमीला २७.४ लिटर लागलं तर ॲव्हरेज १५.०. एका टाकीवर विश्वास नको, तीन टाक्यांची बेरीज करून भागा.

नाशिकसाठी आणखी एक. आमणे-इगतपुरी हा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्या रस्त्याने १२० धरून गेलात तर टर्बो गाडीचं ॲव्हरेज ८०-९० च्या वेगापेक्षा स्पष्ट कमी येईल, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. जुन्या महामार्गावरचे ग्राहकांचे आकडे तिथे लावू नका.

येऊर_पायथा

एका मुद्द्यावर खाडीपूल यांच्याशी असहमत आहे. एकताऱ्यांतला शोरूमवरचा राग सरसकट गाळू नये. गाडी तुम्ही एकदा घेणार, वर्कशॉपला सात वर्षं जाणार. तक्रार ठाणे किंवा नवी मुंबईच्या वर्कशॉपबद्दल असेल तर ती वेगळ्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या राज्यातली असेल तर गाळा.

टेस्ट ड्राइव्हबद्दल: शोरूमवाले सकाळी अकराला रिकाम्या सर्व्हिस रोडवर दहा मिनिटं फिरवतात. त्याला नकार द्या. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातची वेळ मागा, पाऊण तास, एसी २४ वर, गाडीत चौघे. कापूरबावडीहून गायमुखपर्यंत जा आणि परत या. मुद्दाम गर्दीतच न्या. अ मध्ये वीस मिनिटं रांगल्यावर थरथर येते का, थांबून निघताना धक्का बसतो का, चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे येते का, हे तिथेच कळेल. मग इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प उलटा चढवून बघा. सासूबाईंना मागच्या सीटवर बसवून पाच वेळा उतरवा-चढवा: सीट त्यांच्या मांडीच्या उंचीच्या जवळ असेल तर गुडघ्यावर भार येत नाही, दार किती उघडतं आणि उंबरठा किती रुंद आहे तेही बघा. हे कोणत्याच रेटिंगमध्ये मिळणार नाही.

कासारवडवली_पूर्व

वेगळ्या पानाचं पटलं, तसंच करते. स्टॅक पार्किंगचं कुणी सांगेल का?

जॉबकार्ड

ते मी सांगतो. स्टॅकच्या खांबावर किंवा कंट्रोल पॅनेलवर उत्पादकाची पाटी असते. तिच्यावर कमाल वजन, उंची, लांबी, रुंदी लिहिलेली असते. तिचा फोटो काढून शोरूमला न्या. गाडीच्या माहितीपत्रकातलं कर्ब वेट म्हणजे पूर्ण टाकीसह रिकाम्या गाडीचं वजन. त्यात डिकीतलं सामान मिळवा. उंची मोजताना रूफ रेल आणि वरचा शार्क-फिन अँटेना धरा. रुंदी आरसे मिटून मोजा, आणि टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंतची वेगळी, कारण पॅलेटच्या (गाडी उभी राहते त्या फळीच्या) पन्हाळीत टायर बसावे लागतात. १७ किंवा १८ इंची चाकांच्या टॉप मॉडेल्सचे रिम इथे घासू शकतात. त्याच गाडीचं १६ इंचीवालं मॉडेल बहुधा आरामात बसतं.

तुमची जागा खड्ड्यातल्या खालच्या पातळीवर असेल तर सोसायटीला दोन गोष्टी विचारा: पावसाळ्यात पाणी उपसणारा पंप आपोआप चालू होतो का, आणि वीज गेल्यावर त्याला जनरेटर आहे का. पाणी एक्झॉस्ट आणि सीटखालच्या वायरिंगपर्यंत आलं की नुकसान मोठं. अशा वेळी गाडी स्टार्ट करून बघू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. कोटेशन मागवाल तेव्हा दोन्ही गाड्यांचं त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय असं मागवा.